सारंगखेड्याच्या यात्रेत पॅनिंग शिकलो

सारंगखेड्याच्या यात्रेतला पहिला रविवार मी वाया घालवला. एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं, शेवभाजी खाल्ली आणि घोडेबाजारात गिऱ्हाइकांना घोडे पळवून दाखवतात त्या पट्टीच्या कडेला कॅमेरा घेऊन उभा राहिलो. शटर १/१००० सेकंदावर. घरी येऊन फोटो पाहिले तर टापांखालची माती कणाकणाने दिसत होती, पण घोडा पळतोय असं कुठेच वाटेना. मुलगी म्हणाली, "पप्पा, हा चौकातला पुतळा आहे का?"

पॅनिंग म्हणजे काय ते मला माहीत होतं. शटर हळू ठेवायचं आणि पळणाऱ्या वस्तूबरोबर कॅमेरा त्याच वेगाने फिरवायचा. वस्तू जागच्या जागी स्पष्ट राहते, मागचं सगळं ओढल्यासारखं रेघारेघांचं होतं. माहीत होतं, जमत मात्र नव्हतं. त्याच रविवारी दुपारी १/३० लावून पाहिलं होतं, फोटो पांढराफटक. भर उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १०० आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) २२ धरलं तर शटर १/५० च्या आसपास बसतं. त्याहून हळू गेलं की उजेड जास्त होणारच. लेन्सवर लावायचा, उजेड कमी करणारा काळा एनडी फिल्टर असता तर भागलं असतं, पण तो विकत घेणं मी तीन वर्षं पुढे ढकलतोय. शिवाय ॲपर्चर इतकं बंद केल्यावर आकाशात काळे ठिपके उमटले. आधी मला ते डास वाटले. प्रत्येक फोटोत डास त्याच जागी कसे, हे लक्षात यायला वेळ लागला. सेन्सरवरची धूळ होती.

यात्रा बरेच दिवस चालते, म्हणून आठवडाभर सराव करायचं ठरवलं. आमचं घर शहाद्याला, रस्त्याला लागूनच. सकाळी शाळेच्या सायकली, नंतर पपईने भरलेल्या पिकअप. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल १/३० सेकंदात साधारण १४ सेंटिमीटर पुढे जाते. तेवढ्या वेळात कॅमेरा तिच्याबरोबर अचूक फिरला पाहिजे, एवढंच गणित.

पहिले दोन दिवस सगळं धूसर. चूक पायांत होती. मी येणाऱ्या सायकलीकडे तोंड करून उभा राहायचो आणि बटण दाबायची वेळ येईपर्यंत कमरेला पीळ पडलेला असायचा, अंग पुढे फिरायचंच नाही. मग उलटं केलं. जिथे फोटो घ्यायचा तिकडे पाय रोवले, कोपरं बरगड्यांना लावली आणि सायकल दिसली की फक्त कमरेतून मागे वळलो. ती जवळ येईल तसा पीळ आपोआप सुटत गेला.

दुसरी चूक जास्त हट्टी. क्लिक झालं की माझा हात थांबायचा. क्लिक आपल्याला क्षणाचं वाटतं, पण १/३० वर शटर उघडं असतानाच हात अडखळतो आणि तो धक्का फोटोत उतरतो. लहानपणी बाजरीवर पाखरं हाकलायला बसवायचे ते आठवलं. गोफणीतून दगड सुटला म्हणून हात तिथेच थांबतो का? तो पुढे जातोच. तसा कॅमेरा जाऊ दिला आणि पहिली सायकल जमली. लेन्सचं स्टॅबिलायझेशनही माझ्याशी भांडत होतं. मी मुद्दाम फिरवतोय आणि ते हललं समजून सावरतंय. ते बंद केलं.

दुसऱ्या रविवारी छाती काढून गेलो आणि पुन्हा आपटलो. पिकअप सरळ रेषेत जाते, घोडा वरखालीही उसळतो. आडवा वेग बरोबर पकडला तरी मान उभ्या दिशेने हलून धूसर. शिवाय मी फार जवळ उभा होतो. जवळून घोड्याचं तोंड आणि शेपूट यांचे कोन वेगवेगळ्या गतीने बदलतात, म्हणून एक टोक स्पष्ट आणि दुसरं पुसलेलं. मागे सरून लांबची लेन्स लावली.

एक म्हातारे घोडेवाले आप्पा हे सगळं बघत होते. म्हणाले, "काय करी राह्यना रे भाऊ?" मी अडचण सांगितली. "घोडाकडे नको देखू, मन्ही टोपीकडे देख," म्हणाले आणि स्वतःच घोडीवर चढले. घोडी रेवाल चालीची. या चालीत पाय भराभर पडतात, पण पाठ उसळत नाही. स्वार ओट्यावर बसल्यासारखा पुढे सरकतो. फोकसचा एकच बिंदू त्यांच्या पांढऱ्या टोपीवर ठेवला. पाच वाजत आले होते, ऊन उतरलेलं. १/४०, ॲपर्चर १४. मागे आकाश नको म्हणून झुली आणि गोंड्यांच्या दुकानांची रांग धरली.

आप्पांनी सात चकरा मारल्या. त्या दिवशीच्या ४१२ फोटोंतून मी तीन ठेवले, त्यातले दोन त्यांचे. एकात टोपी, मिशा, लगाम धरलेली मूठ, घोडीचा डोळा स्पष्ट; मागे लाल-पिवळ्या-निळ्या नुसत्या रेघा आणि खाली पायांच्या जागी तपकिरी धूर.

तिथेच स्क्रीनवर दाखवला. आप्पांनी बराच वेळ पाहिला, कॅमेरा आडवा-उभा केला. मग विचारलं, "पाय कोठे शेतस?"

गिऱ्हाईक आधी पाय बघतं, म्हणाले. कार्डात पहिल्या रविवारचा पुतळा होता, योगायोगाने त्याच घोडीचा. तो दाखवला तर एकदम खूश. व्हॉट्सॲपवर त्यांना तोच पाठवला.