पंख्याची धरसोड

लॅपटॉपचा पंखा एका सुरात वाजत राहिला तर कान त्याला सरावतात. वैताग येतो तो त्याच्या धरसोडीचा. सगळं शांत असताना ब्राउझरमध्ये एखादा टॅब उघडावा, की लगेच घर्रर्र. चार सेकंदांत गप्प. पुन्हा घर्रर्र. एखाद्या कीर्तनात मागे बसलेला माणूस सारखा उठबस करत असावा, तसं चित्त उडतं.

खरं तर पंख्याचा यात काही अपराध नाही. प्रोसेसरची चिप इवलीशी. काम आलं की तिचं तापमान क्षणात उसळतं आणि काम सरलं की तितक्याच झटकन खाली येतं. तिच्यावर बसवलेली तांब्याची नळी आणि तिच्या टोकाची धातूची पाती मात्र सावकाश तापतात, त्यामुळे ती क्षणिक उसळी त्यांच्यातच जिरून जाऊ शकते. पण मदरबोर्डवरच्या एम्बेडेड कंट्रोलरला, म्हणजे पंखा सांभाळणाऱ्या छोट्या चिपला, शिकवलेलं असतं एवढंच, की तापमानाने ठरलेला आकडा ओलांडला की पंखा पळवायचा.

इथे थिंकफॅनसारखी चिमुकली सॉफ्टवेअर कामी येतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या या थिंकफॅनची सगळी अक्कल एका साध्या फाइलीत मावते. एकेका ओळीत तीन आकडे: पंख्याच्या वेगाची पायरी, खालचं तापमान, वरचं तापमान. समजा शून्य पायरीची वरची मर्यादा ५५ आणि पहिल्या पायरीची खालची ४८ लिहिली. मग पंखा ५५ अंशांना सुरू होतो, पण ५४ झाले म्हणून थांबत नाही. पारा ४८ च्या खाली उतरेपर्यंत फिरत राहतो. मधल्या सात अंशांत सगळी धरसोड विरून जाते. मला तरी या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

बाकी काम किरकोळ. सेन्सरची फाइल वाचायची (तिथे ४५००० दिसलं तर दचकू नये, ते अंशाचे हजारावे भाग असतात, म्हणजे ४५ अंश), ओळींशी ताडून पाहायचं, पायरी बदलायची आणि काही सेकंद झोपी जायचं. याउलट रंगीबेरंगी आलेख नाचवणारी अवजड सॉफ्टवेअर पाहिली की हसू येतं. थंडाव्यासाठी नेमलेल्यानेच प्रोसेसर राबवायचा, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं!

पंखा पूर्ण बंदच हवा, हा हट्टही मला पटत नाही. वेग निम्मा केला तर हवा निम्मी मिळते, पण वीज साधारण एक अष्टमांश लागते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. सौदा फायद्याचा आहे. मंद गतीने खुशाल फिरू द्यावा. अर्थात पात्यांत धुळीचा नमदा बसला असेल, तर फाइलीतले आकडे काय करणार?

आणि हे सॉफ्टवेअरच मध्येच बंद पडलं तर? थिंकपॅड लॅपटॉपच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे लिनक्स आणि पंखा यांच्यातल्या दुव्यात, त्याचीही तजवीज आहे. त्यात जास्तीत जास्त १२० सेकंदांची मुदत लावता येते. तेवढ्या वेळात नवा हुकूम आला नाही, तर पंखा पुन्हा मूळ कंट्रोलरच्या ताब्यात जातो. दुसऱ्या लॅपटॉपवर असा काही पहारा नसेल, तर पंख्याचे आकडे हाताने बदलायला माझं मन धजावत नाही. तिथे घर्रर्र चालेल.