जामीन कोण राहणार?

तोक्योतल्या निशिकासाई स्टेशनजवळ घरांच्या दलालाच्या दुकानात तो पंचविशीतला मुलगा आमच्यासमोरच घरमालकांना फोन लावत होता. आधी रामराम-शामराम, मग घराचा पत्ता, मग जरासं थांबून, “गिऱ्हाईक परदेशी आहे, चालेल का?” त्यावर पलीकडून विचारणा व्हायची आणि हा सांगायचा, “इंदोजिन.” म्हणजे भारतीय. फोनवर बोलतानाही तो कमरेत वाकत होता, त्यामुळे उत्तर काय आलं ते आम्हाला त्याच्या पाठीवरूनच कळायचं. त्या दुपारी त्याने नऊ घरांसाठी विचारलं. सहा मालक नाही म्हणाले. नकार आला की तो त्या घराचा कागद पालथा करून बाजूला ठेवायचा आणि आमची माफी मागायचा, जणू नकार त्यानेच दिला होता.

जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१६ च्या अखेरीस परदेशी रहिवाशांची पाहणी केली होती. मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९.३ टक्के लोकांनी, परदेशी असल्यामुळे घर नाकारलं गेलं, असं त्यात सांगितलं होतं. हा आकडा मला आधीपासून माहीत होता. तरी समोर पालथे पडत गेलेले ते सहा कागद लागायचे ते लागलेच. पुण्यात शिकत असताना माझ्या मुसलमान मैत्रिणीसाठी आम्ही घर शोधत फिरलो होतो. आडनाव कळलं की “आत्ताच दुसऱ्यांना शब्द दिला” असं ऐकायला मिळायचं. तेव्हा ती गप्प का व्हायची ते मला कळत नसे. त्या रात्री मी तिला फोन केला.

आम्हाला मोठं घर हवं होतं कारण लेक चालायला लागली होती आणि आई तीन महिने राहायला येणार होती. इथल्या जाहिरातीत त्याला ‘२ एलडीके’ म्हणतात: निजायच्या दोन खोल्या, आणि बैठक, जेवण, स्वयंपाक मिळून एक मोठी खोली. खोलीचं माप ‘जो’मध्ये, म्हणजे तातामी चटयांच्या हिशोबात. जाहिरातीत एक जो निदान १.६२ चौरस मीटरचा धरावा लागतो. म्हणजे सहा जोची खोली आपल्या भाषेत साधारण १०५ चौरस फूट. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “आपल्या देवघराच्या खोलीएवढी म्हण की.” बरोबर तेवढीच.

आणि निशिकासाईच का? तर इथे आपली माणसं आहेत. २००० सालाच्या आसपास संगणकातल्या ‘वाय टू के’ नावाच्या तारखेच्या घोळासाठी भारतातून इंजिनियर आले, तोझाई मेट्रो लाइनने ऑफिसं जवळ म्हणून या भागात राहिले, आणि त्यांच्यामागून कढीपत्ता नि तूरडाळही आली. याच एदोगावा वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक स्थानिक सभेवर निवडून आले. मूळचा महाराष्ट्रातला माणूस तोक्योत मतं मागतो आणि जपानी शेजारी ती देतात, याचा मला आजही अभिमान वाटतो. तरीही घर भाड्याने घ्यायचं म्हटलं की प्रत्येकाला त्या फोनपासूनच सुरुवात करावी लागते.

आता पैशांचं सांगते, कारण इकडे यायच्या तयारीत असलेली मुलं नेहमी हेच विचारतात. आमचं भाडं महिना १,५०,००० येन ठरलं. किल्ली हातात पडेपर्यंत गेले ७,३२,०००. पहिल्या महिन्याचं भाडं, एक महिन्याची अनामत, दलाली एक महिना आणि तिच्यावर १० टक्के कर, जामीन कंपनीचे ७५,०००, आगीच्या विम्याचे २०,०००, नवं कुलूप बसवायचे २२,०००. राहिले १,५०,०००. त्याचं नाव रेइकिन, म्हणजे आभाराचे पैसे. मालकाने घर दिलं म्हणून त्याला द्यायचे, परत न मिळणारे. नवऱ्याने पटकन “पागडी” म्हटलं, पण पागडीत निदान भाडेकरूचा जागेवर काही हक्क तयार होतो. इथे दोन वर्षांनी कराराचं नूतनीकरण करायचं तर आणखी एक महिन्याचं भाडं वेगळं. मला ही प्रथा आजही अन्यायाची वाटते. म्हणून नव्या मुलांना सांगते, आधी ‘यूआर’ची घरं बघा. ही सरकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिथे आभाराचे पैसे नाहीत, दलाली नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत, जामीनदारही लागत नाही. मिळकतीची अट बसली की झालं. आम्ही शोधत होतो तेव्हा इथल्या यूआरमध्ये आमच्या मापाचं घर रिकामं नव्हतं.

तेव्हा जामिनाचा प्रश्न सुटता सुटेना. पूर्वी इथे भाडेकरूसाठी कोणीतरी नातेवाईक जामीन राहायचा. २०२० च्या एप्रिलपासून कायदा बदलला. जामीनदाराची जबाबदारी जास्तीत जास्त किती, हा आकडा करारात लिहावाच लागतो. आकडा डोळ्यांसमोर आला की माणूस सही करताना विचार करतो, त्यामुळे आता बहुतेक मालक जामीन कंपनीच मागतात. पैसे घेऊन ती कंपनी आपली हमी देते. पण तिच्याही अर्जात एक रकाना असतोच: आणीबाणीत फोन करायचा तर जपानमध्ये कोणाला? नाव, नातं, पत्ता, नंबर. शक्यतो जपानी बोलणारं माणूस.

माझे बाबा सांगलीजवळ प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पगारदार माणूस, म्हणून पतसंस्थेच्या कर्जाला त्यांची सही मागायला लोक यायचे. आई चहा घेऊन बाहेर यायची आणि डोळ्यांनीच ‘नको’ म्हणायची. बाबा सही करायचे. एकदा एकाचे हप्ते थकले आणि दीड वर्ष बाबांच्या पगारातून कापले गेले. त्या दिवाळीला आम्हा भावंडांना नवे कपडे आले नाहीत, हे मला लख्ख आठवतं. त्यामुळे त्या रकान्यासाठी कोणापुढे तोंड उघडायचं म्हणजे जीव अर्धा होत होता. शेवटी मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या एका काकांना विचारलं. दोनदा भेट झालेली, एवढीच ओळख. ते म्हणाले, “लिही माझं नाव. नातं काय लिहिशील? काकाच लिही.” मी काकाच लिहिलं.

घर मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर. मुद्दामच वरचं शोधत होतो. एदोगावा वॉर्डाची जवळजवळ ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये घरोघरी पुराची पुस्तिका वाटली, तिच्यावर नकाशात चक्क लिहिलं होतं की इथे थांबू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत आमच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं होतं, त्यामुळे मला ती पुस्तिका दोनदा वाचावी लागली नाही. २०२० च्या ऑगस्टपासून करार करण्याआधी पुराच्या नकाशात ती इमारत नेमकी कुठे आहे ते दाखवणं दलालावर बंधनकारक आहे. त्या मुलाने बोट ठेवून दाखवलं. भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचे नवे नियम १९८१ च्या जूनमध्ये लागू झाले, इमारत त्यानंतर बांधलेली आहे, हेही मी विचारून घेतलं.

घर हातात येतं ते अगदी बोडकं. छताला दिवे नाहीत, पडदे नाहीत, शेगडी नाही. पहिल्या संध्याकाळी अंधार पडला तसे आम्ही मोबाइलच्या उजेडात पोळ्या खाल्ल्या, घरून डब्यात आणलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम केलं ते फोटो काढायचं. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक डाग, तारखेसकट. रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, असं कायद्यात आता स्पष्ट आहे, पण आपल्यामुळे पडलेले डाग आपलेच. आणि आपले डाग म्हणजे हळद आणि तेल. शेगडीमागच्या भिंतीवर मी शंभर येनच्या दुकानातली पारदर्शक फिल्म चिकटवली, कपड्याने दाबत दाबत, एकही बुडबुडा न ठेवता. तीन महिन्यांनी फोडणीचे शिंतोडे बसून ती पिवळी होते. मग सोलून नवी लावायची. खालची भिंत अजून पांढरी आहे.

सामान लागल्यावर आजूबाजूला, वर आणि खाली एकेक छोटी भेट घेऊन जाऊन आलो, तशी इथली रीत आहे. खाली एक आजी एकट्या राहतात. लेकीच्या पावलांचा आवाज येईल, माफ करा, असं मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी लेकीचे पाय बघितले आणि तिच्या मापाचे मोजे विचारून घेतले. आठवड्याने दारात विणलेले मोजे आले. आई आली तेव्हा तिने त्यांना बेसनाचे लाडू दिले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नसे, तरी जिन्यात अर्धा अर्धा तास उभ्या असायच्या.

गेल्या महिन्यात नाशिकच्या एका मुलीचा फोन आला. नवऱ्याची बदली झालीय, दोन खोल्यांचं घर हवंय, काकांनी नंबर दिला. खूप आढेवेढे घेत ती शेवटी रकान्यावर आली. मी म्हटलं, माझं नाव लिही, आणि नातं ताई लिही. बाबांना रात्री सांगितलं. त्यांनी आईकडे बघितलं. आई काही बोलली नाही.

शनिवारी अकरा वाजता तिच्याबरोबर घर बघायला जायचंय. टेप घेऊन जाते आहे. फ्रिज दारातून आत जातो का, आणि वॉशिंग मशीनखालच्या त्या चौकोनी ट्रेत मशीन बसतं का, हे आधी मोजायचं, बाकी सगळं नंतर.