खिडकीवरचा कागद

गणपतीला आठ दिवस उरले असताना माटवीची लाकडी चौकट काढण्यासाठी गुहागरच्या घराच्या माळ्यावर चढलो, तेव्हा चौकटीच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळून सुंभाने बांधलेली एक वस्तू हाताला लागली. वितीएवढी हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चिपांच्या रांगा, एका टोकाला लोखंडी पट्टी आणि खालच्या कडेला सोनेरी दात्यांची ओळ. पट्टीचा खाऱ्या हवेने तांबूस भुगा केला होता; दाते मात्र काल बसवल्यासारखे चमकत होते.

ज्या वस्तूचे नाव ठाऊक नाही ती हातातून खाली ठेवायची नाही, ही माझी जुनी खोड आहे. काका दुपारची झोप घेत होते आणि त्यांना चहाच्या वेळेआधी उठवण्याची आमच्या घरात रीत नाही, म्हणून मी पडवीत बसून इतरांना विचारत राहिलो. काकूंच्या मते ती फणी होती, फक्त कोणाच्या केसांची ते त्यांना सांगता येईना. पाखाडीवरून चाललेल्या वायरमनने क्षणभर पाहून स्टॅबिलायझरचा भाग असल्याचे सांगितले. नारळ उतरवायला आलेला गडी पूर्वी ट्रॉलरवर जात असे. तो ठामपणे म्हणाला, की हे मासे शोधायच्या यंत्रातले आहे. कोकणात ‘ठाऊक नाही’ असे उत्तर सहसा मिळत नाही, आणि मला ते आवडते.

मी दाते मोजले. एका बाजूला ३१, दुसऱ्या बाजूला ३१. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत ज्या खाचा होत्या, त्यांत बसणारे हे कार्ड होते, एवढे त्यावरून कळले. पण कसले कार्ड, ते कळेना. चिपांपैकी काहींवर चंदेरी कागदाचे चौकोनी तुकडे चिकटवलेले होते. एकीवर तो नव्हता, आणि तिथे गोल काचेची एक बारीक खिडकी उघडी पडली होती. त्या खिडकीकडे पाहताना मला उगाचच अस्वस्थ वाटले आणि तोंडाला आंबट चव आली. तिचे कारण मला तेव्हा सांगता आले नसते.

चार वाजता काका उठले, चष्मा लावला आणि म्हणाले, “अरे, हे तर माझं मराठी कार्ड!”

मग चहा निवत राहिला. काका ज्या सरकारी कचेरीत होते, तिथल्या संगणकाला मराठी येत नसे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली, आणि कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी ज्यावर काम केले होते ते जिस्ट तंत्रज्ञान तिथून कार्डाच्या रूपाने कचेऱ्यांत पोहोचले. कार्ड खाचेत बसवले, की डीबेस आणि वर्डस्टारसारखे इंग्रजी प्रोग्राम पडद्यावर देवनागरी दाखवू लागत. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात प्रत्येक अक्षराला आकडा दिलेला होता. ‘क’चा आकडा १७९, हे काकांना आजही पाठ आहे. त्यांनी कपबशी बाजूला सारली आणि गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले. “डावा हात स्वरांचा, उजवा व्यंजनांचा,” असे म्हणत त्यांची उजवी बोटे धोतरावर एका ओळीत चालू लागली: प, र, क, त, च. तीस वर्षांत ज्या कळफलकाला हात लागला नाही, तो त्यांच्या गुडघ्यावर जसाच्या तसा होता.

कचेरीतले जुने सामान लिलावात निघाले तेव्हा काकांनी हे कार्ड रीतसर पावती घेऊन सोडवले. पुढे दिवाळीत चिपळूणहून एक जुना संगणक आणून त्यांनी ते बसवूनही पाहिले होते. “इंग्रजी दिसे,” ते म्हणाले, “पण मराठी अक्षराच्या जागी नुसता भरलेला पांढरा चौकोन. ओळच्या ओळ चौकोनांची. खाऱ्या हवेनं खाल्लं, दुसरं काय?”

चौकोन म्हटल्यावर मला ती आंबट चव कुठली ते समजले.

त्या वर्षी मे महिन्यात अंगणात सोले वाळत होती. रातांबे फोडून, साले रसात बुडवून उन्हात टाकायची, वाळली की पुन्हा रसात घालायची, हा आजीचा आठवडाभराचा उद्योग असे, आणि काठी घेऊन कावळे हाकलायचे काम माझ्याकडे होते. नऊ वर्षांच्या मुलाला कावळे किती वेळ पुरणार? काकांच्या टेबलावरची ही चकचकीत पाटी मी गुपचूप आणली आणि एका चिपेवरचा चंदेरी कागद नखाने सोलला. आत मसुरीच्या डाळीएवढा निळसर आरसा होता आणि त्याच्या कडांना केसाहून बारीक सोनेरी तारा. ऊन पडले की तो आरसा रंग बदलत असे. मी ती पाटी सोलांच्या चटईच्या कडेला ठेवली आणि विसरून गेलो. आजी मात्र विसरली नाही. तीही वस्तू वाळत घातलेली आहे अशा समजुतीने ती रोज संध्याकाळी सोलांबरोबर कार्डही सुपात भरून आत नेई आणि सकाळी दोन्ही पुन्हा उन्हात पसरी.

अशा चिपांत साठवलेला मजकूर, इथे मराठी अक्षरांचे आकार, अतिनील प्रकाशाने पुसता येतो. त्यासाठीच ती काच असते, आणि तो चुकून पुसू नये म्हणूनच वर कागद. खास दिव्याखाली ते काम वीसेक मिनिटांत होते, थेट उन्हात साधारण आठवडा लागतो. पुसलेल्या चिपेत प्रत्येक ठिकाणी एक हाच आकडा उरतो, म्हणजे अक्षराच्या आकारातला एकूण एक ठिपका पेटलेला. पांढरा, भरलेला चौकोन.

काका कार्ड उलटसुलट करून पाहत होते. काकूंनी चहा पुन्हा गरम करून आणला आणि त्यात साखर नसल्याची तक्रार झाली. मी उठून अवजारांच्या डब्यातून काळी इन्सुलेशन टेप आणली, नखाएवढा तुकडा कापला आणि त्या उघड्या खिडकीवर नीट दाबून बसवला.

“आता कशाला?” काकांनी विचारले.

आत धूळ जाईल, असे मी म्हणालो.