ताळा कुठाय?

सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणात ‘शाळेविषयी चार शब्द’ मागितले आहेत. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच, मी बाईंविषयी लिहितो. दहावी ‘ब’ला बाई म्हटलं की बीजगणिताच्याच बाई, नाव सांगायला नको.

एकसामयिक समीकरणांना बाई कधी घाई करत नसत. क्ष म्हणजे काय मानलं, ते आधी वाक्यात लिहायचं. मग एका चलाचा लोप, आलेखाच्या फळ्यावर दोन रेषा आणि शेवटी ताळा. ३७क्ष + ४३य = १२३ आणि ४३क्ष + ३७य = ११७ अशी जोडी आली की आम्ही लगेच गुणाकाराला लागायचो. बाई म्हणायच्या, “अरे, आधी नुसतं बघा.” बेरीज केली की क्ष + य = ३, वजाबाकी केली की य − क्ष = १. उत्तर बरोबर येऊनही ताळा नसला, तर वहीत लाल शाईनं एवढंच: ‘ताळा कुठाय?’

पाटणादेवीच्या सहलीत त्यांनी चांगदेवाच्या शिलालेखाबद्दल सांगितलं. आजोबांचे, म्हणजे भास्कराचार्यांचे, ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातवानं तिथे मठ काढला, त्याचा १२०७ सालचा लेख. दुसऱ्या दिवशी फळ्यावर भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलंच उदाहरण! एक जण म्हणतो, मित्रा, मला शंभर दे, मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, मी तुझ्या सहापट होईन. क्ष + १०० = २(य − १००), आणि य + १० = ६(क्ष − १०). भास्कराचार्य क्ष, य नव्हे तर ‘या’, ‘का’ लिहायचे, हेही तेव्हाच कळलं.

उत्तर ४० आणि १७० आलं. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, ज्याच्याकडे चाळीसच, तो शंभर कोणत्या तोंडानं मागतो?” वर्ग हसला, बाईही हसल्या. पण त्यालाच पुढे बोलावून हातात चाळीस चिंचोके दिले, दुसऱ्याला एकशे सत्तर. शंभर इकडे आले : १४० आणि ७०. परत केले, दहा तिकडे गेले : ३० आणि १८०. तेवढ्यात घंटा झाली, चिंचोके बाकांखाली सांडले, आणि पुढच्या तासाचे सर भडकले ते वेगळंच.

आज मी दूध संघात गुणवत्ता विभाग सांभाळतो. ६ फॅटचं म्हशीचं आणि ३.५ फॅटचं गायीचं दूध मिसळून ४.५ फॅटचं हजार किलो हवं असेल, तर क्ष + य = १०००, ६क्ष + ३.५य = ४५००. म्हशीचं ४००, गायीचं ६००. आता हे संगणक सांगतो. तरी टाकीतला नमुना तपासल्याशिवाय मी सही करत नाही. नवीन मुलं कुरकुरतात. त्यांना बाई मिळाल्या नाहीत.

परवा शाळेत डोकावलो. वर्गात डिजिटल फळा आहे, रेषा आपोआप उमटतात. छान आहे, पण चौकटी मोजत बिंदू मांडायची मजा त्यात नाही. समितीला एक विनंती : आमचा तो चौकटींचा लाकडी फळा अडगळीत कुठे असेल तर शोधा. रंगरंगोटीचा आणि नव्या चौकटी आखायचा खर्च माझ्याकडे.