बीर-बिलिंग: उडण्याआधी अर्धा दिवस हार्नेस टांगण्यात घाला

पॅराग्लायडिंगसाठी पुण्या-मुंबईहून हिमाचलातल्या बीरला निघालेल्या सोलो (एकट्याने उडणाऱ्या) पायलटला हमखास एक सल्ला मिळतो: "हार्नेस कशाला ओढत नेता, तिकडे भाड्याने मिळतो, टेकऑफवर पाच मिनिटांत बसवून देतात." हार्नेस म्हणजे विंगखाली, कापडी पंखाखाली, टांगलेली पट्ट्यांची खुर्ची. हा सल्ला ऐकू नका. आम्ही चौघे ऑक्टोबरच्या शेवटी गेलो. दोघांनी हार्नेस भाड्याने घेतले आणि सहा दिवसांतला दीड दिवस त्यात गेला. फोनवर 'एअरबॅगवाला, मीडियम' ठरलं होतं. हातात आला तो जुना फोमचा, शिवण उसवलेला, त्यातही लार्ज. बदलून मागितला तर भाडं दुप्पट. हार्नेस स्वतःचा न्या. भाड्यानेच घ्यायचा असेल तर मॉडेल, साइज, प्रोटेक्टरचा (सीटखाली धक्का झेलणाऱ्या फोमचा किंवा एअरबॅगचा) प्रकार आणि रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) शेवटचा कधी पॅक केला ती तारीख, एवढं लेखी मागवा आणि मगच पैसे पाठवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा सौम्य असते, एप्रिल-मेमध्ये थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत) जोरकस असतात. १५ जुलै ते १५ सप्टेंबर हिमाचलात उड्डाणं बंद असतात. बिलिंगचं टेकऑफ साधारण २,४०० मीटरवर आहे, बीरचं लँडिंग त्याच्या जवळजवळ ९०० मीटर खाली, मधे १४ किलोमीटरचा घाटरस्ता. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

पुण्याजवळच्या कामशेतला चाललेला हार्नेस बिलिंगला का चालत नाही, ते आधी बघू. कामशेतला दुपारचा वारा समोरून एकसारखा येतो. विंग डोक्यावर आली की तीच तुम्हाला उचलते, दोन-चार पावलं टाकली की झालं. बिलिंगला सकाळी वारा नावापुरता असतो आणि हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक पंचमांश विरळ. त्यामुळे तीच विंग तेवढंच वजन उचलायला दहा-बारा टक्के जास्त वेग मागते. म्हणजे खरोखर पळावं लागतं. मांडीचे पट्टे घट्ट असतील तर पाऊल अर्धंच पडतं, सीटची पाटी मांडीच्या मागे आपटते आणि पायलट जमीन सुटायच्या आत सीटवर बसायला बघतो. विंग अजून वजन घेत नसते, मग बूड जमिनीला लागतं. आमच्या मुक्कामात टेकऑफवर दिसलेली बहुतेक घसरगुंडी याच कारणाने होती.

त्याहून वाईट असतात उड्डाणानंतरची पहिली वीस सेकंदं. मांडीचे पट्टे फार सैल असतील किंवा खांद्याचे पट्टे फार आवळलेले असतील, तर जमीन सुटल्यावर सीटवर सरकता येत नाही. माणूस मांडीच्या पट्ट्यांवर लोंबकळत राहतो आणि नकळत एक हात खाली नेऊन पाटी पुढे ढकलायला बघतो. त्या हातात ब्रेक (विंग वळवायची दोरी) असतो. हात कमरेखाली गेला की त्या बाजूचा ब्रेक पूर्ण ओढला जातो आणि विंग तिकडे वळते, म्हणजे डोंगराकडे वळू शकते. आणखी ओढला तर ती बाजू स्टॉल होऊन (उचल गमावून) विंग गिरकी घेते. हे सगळं झाडांपासून वीस-तीस मीटरवर होत असतं. त्या उंचीवर ना विंग सावरायला वेळ मिळतो, ना रिझर्व्ह उघडायला. म्हणून नियम एकच ठेवा: डोंगरापासून सरळ लांब जाईपर्यंत सीटला हात लावायचा नाही. नुसतं लोंबकळत उडालात तरी काही बिघडत नाही. मोकळ्या हवेत आलात की गुडघे छातीकडे घ्या, पाठ मागे टेका, पाटी आपोआप मांडीखाली येते. हाताची गरज पडतेय याचा अर्थ हार्नेस चुकीचा बसवलाय. खाली उतरल्यावर तो पुन्हा टांगा.

आता टांगण्याबद्दल, म्हणजे हार्नेस टांगून त्यात बसून पट्टे जुळवण्याबद्दल. हे घरी, निघायच्या आधी करायचं. गच्चीच्या तुळईला किंवा जिन्याखालच्या लोखंडी पाइपला दोन स्लिंग (मजबूत पट्ट्यांचे फास) बांधा, दोन्हींमध्ये ४२ ते ४४ सेंटिमीटर अंतर ठेवा. दोन्ही स्लिंग एकाच हुकाला अडकवल्या तर कॅराबिनर (हार्नेस विंगला जोडणाऱ्या कड्या) एकमेकांकडे ओढले जातात आणि घेतलेलं प्रत्येक माप खोटं ठरतं. अंगावर उडतानाचेच बूट, जॅकेट, हेल्मेट, हातमोजे हवेत. मागच्या खिशात विंगची बॅग आणि दोन लिटर पाणी भरा. रिकाम्या खिशाने टांगलेला हार्नेस आणि पाणी भरलेला हार्नेस यांत पाठीचा कोन दिसण्याइतका बदलतो. कामशेतला पाणी गाडीत ठेवून अर्धा तास उडणारे बीरला लांबच्या उड्डाणात हटकून मागे कलंडतात ते यामुळेच.

आधी सगळे पट्टे मध्यावर आणा. उभं राहून खांद्याचे पट्टे असे लावा की खाली दोन बोटं सहज जातील. खांद्यांनी वजन घ्यायचं नाही, त्यांचं काम फक्त मागे पडू न देण्याचं. पट्टे सैल असतील तर तुम्ही पाटीवर मागे घसरता आणि रिझर्व्हचं हँडल नेहमीच्या जागी सापडत नाही. आवळले तर वर सांगितलेलं लोंबकळणं. मग बसा आणि बाजूच्या पट्ट्यांनी पाठीचा कोन ठरवा. मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघे जरासे वर, धड आणि मांड्यांमध्ये काटकोनापेक्षा थोडा जास्त कोन. फार मागे रेललात तर विंग एका बाजूने मिटून फिरते तेव्हा तुमचं लांबट झालेलं शरीर तिच्या मागे राहतं आणि रायझरना (विंगच्या दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांना) पीळ पडतो. मांडीचे पट्टे शेवटी: उभं राहून पट्टा आणि मांडी यांत हाताचा पंजा आडवा जावा, पळण्याची पूर्ण पावलं टाकता यावीत. नंतर पुन्हा लोंबकळा आणि हात न लावता सीटवर जा. दहादा करा. दहापैकी दहा वेळा जमलं तरच हार्नेस बसला म्हणायचा.

छातीच्या पट्ट्याबद्दल मतं फार ऐकू येतात. मोजपट्टी घ्या आणि दोन कॅराबिनरच्या मध्यांमधलं अंतर मोजा. विंगच्या चाचणीत हे अंतर एकूण (पायलट आणि सगळं सामान मिळून) वजनानुसार ठरतं: ८० किलोपर्यंत ४० सेंटिमीटर, ८० ते १०० किलोला ४४, त्यापुढे ४८, प्रत्येकी दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे. विंगच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. घट्ट केल्यावर हार्नेस शांत वाटतो म्हणून नवखे आवळत जातात. त्याने वजन टाकून वळणं अवघड होतं आणि पीळ पडण्याची शक्यता वाढते. खूप सैल केला तर विंग मिटली की तुम्ही त्या बाजूला कलंडता आणि वळण आणखी वाढतं.

मागच्या प्रोटेक्टरबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. फोमचा प्रोटेक्टर साधारण १५-१७ सेंटिमीटर जाड असतो आणि पहिल्या पावलापासून काम करतो. एअरबॅग मात्र उडतानाच्या वाऱ्याने भरते. टेकऑफवर पाय अडखळतो तेव्हा ती बहुतेक रिकामीच असते. काही मॉडेलमध्ये तोंड उघडं ठेवणाऱ्या लवचीक तारा असतात, त्यांत निदान थोडी हवा आधीच असते. बिलिंगसारख्या पळून उडण्याच्या जागी हा फरक महत्त्वाचा आहे. सोलोची पहिली-दुसरी वारी असेल तर फोमच घ्या, बॅग मोठी झाली तरी चालेल.

हलक्या हार्नेसमध्ये फुगवून बूच लावायचा प्रोटेक्टर असतो. तो टेकऑफवर टणक फुगवला तरी ९०० मीटर खाली उतरेपर्यंत बाहेरचा हवेचा दाब दहा टक्क्यांहून जास्त वाढलेला असतो, म्हणजे नेमका लँडिंगला तो मऊ पडतो. पुस्तिकेत दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत फुगवा, अर्धवट नको.

फोमवाल्यांसाठी एक सूचना, जी आम्हाला कोणी दिली नाही. दिल्लीहून बसच्या डिकीत रात्रभर इतर सामानाखाली दबलेला फोम बीरला पोचल्यावर निम्म्याच जाडीचा असतो. तो लगेच पूर्ववत होत नाही. पोचल्या पोचल्या बॅगेतून काढा, झिपा उघडा आणि रात्रभर मोकळा ठेवा. त्याच दिवशी दुपारी उडायची घाई करू नका.

हा प्रोटेक्टर कशासाठी असतो? त्याची जर्मन चाचणी १.६५ मीटरवरून बसल्या स्थितीत पाडून होते. जमिनीला लागताना हा वेग सेकंदाला ५.७ मीटरच्या आसपास येतो, आणि ५० जीपर्यंतचा (गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट) क्षणिक धक्का त्यात मान्य आहे. रिझर्व्हखाली उतरण्याचा मान्य वेगही साधारण तेवढाच, सेकंदाला ५.५ मीटर. म्हणजे प्रोटेक्टर एका पडण्यापुरता आहे, रोज त्यावर बसून लँडिंग करण्यासाठी नाही. दुपारी बीरला टँडमवाले प्रवाशाला घेऊन बसून उतरताना दिसतील. सोलोने ते बघून शिकू नये. पॅराग्लायडिंगमध्ये मणका मोडतो तो बहुधा पाठीच्या आणि कमरेच्या मणक्यांच्या सांध्याशी, शेवटचा पाठीचा आणि पहिला कमरेचा मणका, आणि बसून आपटणं हे त्याचं ठरलेलं कारण आहे. जमिनीपासून ३०-४० मीटरवर असतानाच पुढे झुका, पाय खाली सोडा, ताठ व्हा. पाय जोडलेले, गुडघे किंचित वाकलेले. वेग जास्त वाटला तर पायांवरून पोटरी, मांडी, कुशी असं लोळा. आधी पायांनी धक्का घ्यायचा, उरलेला प्रोटेक्टरने.

मांडीचे पट्टे विसरणं ही या खेळातली सर्वांत जुनी जीवघेणी चूक आहे. ज्या हार्नेसमध्ये मांड्यांमधून येणारे पट्टे छातीच्या बकलांनाच लागतात, त्यात ती सहसा होत नाही. साध्या हार्नेसमध्ये क्रम मोडू नका: अंगावर चढवताना मांड्यांचे पट्टे सगळ्यात आधी, उतरवताना सगळ्यात शेवटी. फोन आला, कोणी हाक मारली, वारा येईपर्यंत पट्टे सोडून बसलात, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बकल नुसतं बघू नका, हाताने ओढा. टँडमने जाणाऱ्या मित्रांनाही हे दाखवून ठेवा. २०२२च्या डिसेंबरात कुल्लूजवळ डोभीला महाराष्ट्रातला एक पर्यटक टँडम उड्डाणात वरून पडून मरण पावला. प्रवाशाने स्वतःचे दोन्ही मांडीपट्टे आणि छातीचा पट्टा ओढून बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्यावर कोणताही पायलट नाही म्हणणार नाही. म्हणालाच तर त्याच्याबरोबर उडू नका.

टांगलेले असतानाच रिझर्व्हही ओढून बघा. हार्नेस आणि रिझर्व्ह वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर हे टाळायचंच नाही. हातमोजे घालून, न बघता हात कॅराबिनरवरून खाली नेत हँडल शोधा, बाहेरच्या दिशेने एका झटक्यात ओढा. साधारण २ ते ७ किलोच्या ओढीत पिना सुटून पॅकेट बाहेर यायला हवं. त्याहून जास्त जोर लागत असेल तर लूप (पिना अडकतात तो दोरीचा फास) आखूड आहे, पिना वाकल्या आहेत किंवा पॅकेट खिशाला मोठं आहे. नंतर ते जाणकाराकडूनच पुन्हा पॅक करून घ्या. ॲल्युमिनियमचे कॅराबिनर पाच वर्षांनी बदला, कितीही चकचकीत दिसोत. गेट पूर्ण बंद न होता उडत राहिलं तर धातू आतून थकतो आणि ते बाहेरून दिसत नाही.

परत आल्यावर हार्नेस बॅगेत कोंबून ठेवू नका. पावसाळा लागायच्या आत पाटी आणि प्रोटेक्टर काढून दोन्हीकडून तपासा: पाटीला तडा, फोमच्या कव्हरची उसवलेली शिवण, एअरबॅगला काट्याने पडलेली भोकं. एअरबॅग हाताने दाबून बघितली की हवा कुठून फुसकते ते लगेच कळतं. रिझर्व्ह उघडून सावलीत वाळवा. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात तो वर्षभर बंद राहिला तर घड्या चिकटतात, म्हणून पावसाळा संपला की नव्याने पॅक करून घ्या आणि तारीख हार्नेसच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहा.