सरासरीत हरवलेले सोलापूर

आज अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यात तासभर थांबलो होतो. ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटताच माग आपोआप थांबावा, यासाठी तेथील माग दुरुस्त करणाऱ्या वयस्क जॉबरकाकांनी जुन्या सुट्या भागांतून स्वतःच एक जोडणी बसवली आहे. तिला नवप्रवर्तन म्हणावे, हे त्यांच्या गावीही नाही. ‘काम अडत होतं, म्हणून केलं,’ एवढेच ते म्हणाले.

परतताना धोरणांचा विचार मनात घोळत राहिला. 1983 मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत राहून गेलेला विकास, मोजला आणि 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यात सोलापूर ‘उर्वरित’मध्ये, म्हणजे मुंबई-पुण्याच्याच रकान्यात बसले आणि त्यांच्या सरासरीत हरवले. (‘उर्वरित’ हा शब्दच मला खटकतो.) चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, 2004 मध्ये विद्यापीठही आले, तरी संशोधन निधी आणि भांडवल यांचा ओढा पुण्याकडेच आहे, आणि स्टार्टअपची व्याख्या संगणकापुढे बसलेल्या तरुणाला डोळ्यांसमोर ठेवूनच केली जाते, असे मला वाटते. काकांच्या जोडणीचा साधा आराखडाही कोणी कागदावर उतरवलेला नाही; पुढच्या आठवड्यात वही घेऊन मीच जाणार आहे.