आण्णांची चेंडूंची वही

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, फुटबॉल कधी खेळले नाहीत. ते फुटबॉल शिवायचे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घराच्या पुढच्या सोप्यात त्यांचं चपला दुरुस्तीचं दुकान होतं. थंडी पडायला लागली की चपलांचा ढीग कोपऱ्यात सरकायचा आणि तालमींची पोरं उसवलेले चेंडू काखेत मारून दारात उभी राहायची. "आण्णा, उद्या मॅच हाय, आजच्या आज पायजे." आण्णा काही बोलायचे नाहीत. चेंडू दोन्ही गुडघ्यांत धरायचे, बोटानं शिवण चाचपायचे आणि मला दोऱ्याला मेण लावायला सांगायचे.

गेल्या महिन्यात आमच्या धनकवडीच्या फ्लॅटचा माळा आवरताना त्यांची वही सापडली. आई गेल्यानंतर कोल्हापूरचं सामान आणलं होतं, त्यात ती आली असणार. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार उधारीला वापरतात तसली. प्रत्येक ओळीत तारीख, तालीम आणि काम: "ब्लॅडर नवा", "तोंड शिवलं", "वादी बदलली", "दोन तुकडे नवे". तालमींची नावं आखडून लिहिलेली: पा. ता., प्रॅ., शि. त., बा. गो., दिल., खं. म्हणजे पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा. मी जेवण विसरून संध्याकाळपर्यंत ती वही वाचत बसले. कोल्हापूरच्या लीगचा इतिहास आमच्या घरात आण्णांच्या वळणदार अक्षरात पडून होता.

पुण्यात मी कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी बोलायला लागले की लोक विचारतात, तुमच्याकडे तर कुस्ती ना? हो, कुस्तीच. पण फुटबॉल त्याच कुस्तीच्या घरात वाढला. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान बांधून घेतलं, आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ मिळालं. तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौदा नव्हे. गणपती तालमीचा, मर्तिकाला खांदा द्यायला तालमीची माणसं, भांडण मिटवायला तालमीतले वडीलधारे. चेंडू आला तोही याच दारातून आत आला. म्हणून आमच्याकडच्या संघांच्या नावात अजून 'तालीम मंडळ' असतं. फुटबॉल संघाला तालीम म्हणतात, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. आम्हाला त्यात वेगळं काही दिसत नाही.

१९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. आमच्याकडे लहान पोरालाही 'केएसए' म्हटलं की कळतं. तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं. १ मार्च १९४९ ला ते मुंबई राज्यात विलीन झालं, दरबार गेला, पण असोसिएशन राहिली आणि लीगही राहिली. छत्रपती घराणं आजही तिच्याशी जोडलेलं आहे. वरिष्ठ गटात १६ संघ, त्यांचे आठ-आठचे दोन भाग, आणि खाली आणखी गट. आधी लीग, मग बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा, पाऊस तोंडावर येईपर्यंत. सगळं शाहू स्टेडियमवर. दुपारच्या उन्हात एक सामना आणि उन्हं कलल्यावर दुसरा. दुसऱ्या सामन्याला कामावरून सुटलेली माणसं थेट गॅलरीत यायची, सायकलला डबा अडकवलेला तसाच.

वहीत हा हंगाम डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यात पानंच्या पानं चपलांची. दिवाळी झाली की चेंडू सुरू. जानेवारी-फेब्रुवारीत एका पानावर दुसरं कामच नाही. मोठा सामना कधी होता तेही कळतं, कारण त्याच्या आदल्या दिवशी दोन्ही तालमींच्या नोंदी एकाखाली एक असतात. दोन्ही पेठांची पोरं आमच्या एकाच पायरीवर बसायची. एरवी एकमेकांच्या गल्लीतून जाताना मान वळवणारी पोरं आण्णांसमोर गप्प बसून चहा प्यायची. आण्णांनी आधी आलेल्याचं काम आधी केलं. आमची पेठ म्हणून कुणाचा चेंडू पुढे घेतला नाही. यावरून आमचे शेजारी त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हते.

त्या वेळचा चेंडू म्हणजे कातड्याच्या पट्ट्या, आत रबरी ब्लॅडर आणि तोंडाशी आवळलेली वादी. डोक्यानं मारताना ती वादी कपाळाला लागली की वळ उठायचा. ओल धरली की चेंडू दगडासारखा जड व्हायचा. नंतर बत्तीस तुकड्यांचे चेंडू आले, १२ पंचकोनी आणि २० षटकोनी. पहिला तसा चेंडू दुरुस्तीला आला तेव्हा आण्णांनी तो पुरता उसवला, तुकडे जमिनीवर मांडले आणि रात्री उशिरापर्यंत नुसते बघत बसले. सकाळी शिवायला घेतला. चेंडू उलटा करून आतून टाके घालायचे, दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया, शेवटचे टाके मात्र बाहेरून घालून गाठ आत ढकलायची. ती शेवटची गाठ दिसली नाही पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. आरीनं त्यांच्या डाव्या अंगठ्याला पडलेली भोकं कधी बुजली नाहीत.

मी सामना बघायला जात नव्हते. पेठेतल्या बायकांनी तेव्हा गॅलरीत जायची पद्धत नव्हती. कुणी बंदी घातली नव्हती, तरी कुणी जात नव्हतं. मी माळवदावरून ऐकायचे. शाहू स्टेडियमचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. प्रत्येक पेठेची बसायची बाजू ठरलेली, त्यामुळे ओरडा कुठल्या अंगानं उठला यावरून गोल कुणी केला ते मला कळायचं. मी वरून सांगायची आणि आण्णा खाली मान घालून हसायचे. थोड्या वेळानं सायकलवरून कुणीतरी ओरडत यायचं आणि माझं खरं ठरायचं. स्टेडियमच्या आत मी पहिल्यांदा गेले ती लग्नानंतर, पुण्याहून माहेरी आले असताना, भावाबरोबर. मैदान मला मनातल्यापेक्षा लहान वाटलं. आवाज मात्र अंगावर कोसळला. मला रडू आलं.

आता पुण्याचं सांगते, कारण माझं निम्म्याहून जास्त आयुष्य इथं गेलं. पुण्याच्या पेठांतही तालमी आहेत, नावाजलेल्या. चिंचेची तालीम आहे, गोकुळ वस्ताद तालीम आहे. पण इथला फुटबॉल वाढला तो कॅम्प आणि खडकीच्या बाजूला, लष्कराच्या सावलीत. तालमीच्या हौद्याची आणि चेंडूची इथं गाठ पडली नाही. मोठा फुटबॉल आला तो बालेवाडीला. २००७ साली पुणे एफसी आला. मग भारत एफसी, एकाच हंगामापुरता. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये, म्हणजे देशपातळीवरच्या लीगमध्ये, दोन हंगाम खेळला. २०१४ साली एफसी पुणे सिटी आला आणि १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्सच्या संघातला डेव्हिड त्रेझेगे बालेवाडीत खेळला. मुलाला घेऊन मी त्याला बघायला गेले होते. २०१९ साली तोही संघ संपला. बारा वर्षांत चार संघ आले आणि गेले. माझ्या मुलाच्या कपाटात त्यांतल्या दोन संघांचे शर्ट आहेत. ते घालून कुठं जायचं, असं तो मला विचारतो.

त्या संघांत मनापासून राबलेली माणसं होती, चांगले प्रशिक्षक होते, आणि मला ते गेल्याचं दुःख आहे. पण आमच्या पेठेतला संघ बंद करायचा म्हटला तर तो करणार कोण? त्याला मालक नाही. वर्गणी गल्लीची, खेळाडू गल्लीचा. बाहेरून आणला तरी जेवायला गल्लीतच. गेल्या काही वर्षांत नायजेरियाहून मुलं येऊन आमच्या तालमींकडून खेळली. ती इथं तांबडा रस्सा ओरपायला शिकली आणि त्यांना 'भावा' म्हणून हाक पडायला लागली. संघ हरला तर पुढच्या वर्षी हरेल, बंद पडणार नाही. तालीम जागेवर आहे तोवर संघ आहे.

याच आपलेपणाचं दुसरं टोकही मी भोगलंय. एका सामन्यानंतर दोन पेठांत दगडफेक झाली. पेठांची नावं मी लिहिणार नाही. माझा भाऊ नुसता रस्त्यानं घरी येत होता. भुवईवर सहा टाके पडले. आण्णांनी त्या आठवड्यात एकाही तालमीचा चेंडू हातात घेतला नाही. वहीत ते पान कोरं आहे, वर फक्त तारखा. पोरं आली, पायरीवर बसली, उठून गेली. आजही सामन्यात हाणामारी झाल्याची बातमी वाचली की मला संताप येतो. पेठेची इज्जत म्हणून दगड उचलणाऱ्यानं एकदा तालमीत जाऊन हौद्याला पाया कसं पडतात ते बघावं.

गेली काही वर्षं कोल्हापूरहून चाचणीला किंवा शिबिराला येणारी मुलं माझ्याकडे उतरतात. पहाटे स्वारगेटला एसटीतून उतरतात आणि फोन करतात, "आक्का, आलोय." मी पोहे करते, मग ती बालेवाडीला जातात. संध्याकाळी जेवताना अनिकेत जाधवचा विषय निघतोच. आमच्या कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्यात येऊन घडला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाच्या संघात खेळला. भारत तिन्ही सामने हरला. पण त्या मुलांच्या बोलण्यात हरल्याचं नाव नसतं. तो कुठल्या मैदानावर धावायचा, किती वाजता उठायचा, हेच. परवा एकाला मी आण्णांची वही दाखवली. पंधरा वर्षांचा पोरगा. त्यानं बोट फिरवत फिरवत आपल्या तालमीचं नाव शोधलं. मग म्हणाला, "आक्का, चेंडू शिवायचा असतो व्हय?" त्याच्या पिढीनं फाटलेला चेंडू टाकूनच दिलेला बघितलाय. मी त्याला मेण आणि दोरा दाखवला. आण्णांची आरी अजून माझ्याकडे आहे.

वहीत शेवटी शेवटी नोंदी विरळ होतात. महिन्याला तीन, मग एक. सिंथेटिक चेंडू आले होते. शेवटची चेंडूची नोंद खंडोबाच्या नावावर आहे, "तोंड शिवलं", आणि त्यापुढे पैशांच्या जागी काहीच नाही. घेतले नसावेत.

वहीची सगळी पानं मी आता टाईप करतेय. तीन ठिकाणी 'सं. म.' आहे, ते संध्यामठ असावं असं भाऊ म्हणतो. दिवाळीत कोल्हापूरला जाणार आहे. तालमींच्या भिंतींवर जुन्या संघांचे फोटो टांगलेले आहेत, काचेच्या आत ओल शिरलेली, खालची नावं पुसत चाललेली. पुण्यात राहणाऱ्या कोल्हापूरकरांनो, तुमच्या घरी आजोबांचा, काकांचा असा एखादा फोटो असेल तर मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आताच विचारून फोटोच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवा. पुढं बसलेल्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. आमच्या घरच्या फोटोत मागच्या रांगेत डावीकडून चौथा, हातात चेंडू धरलेला मुलगा कोण, ते आण्णांना माहीत होतं. मी विचारलं नाही.